केरसुणी कोणाच्या हातीं?

(मंगळवेढें येथें पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आजच्या सभेंत आम्हांस जपानांतील हायस्कुलाविषयीं चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. कोणी म्हणेल, मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत ज्वारी पिकविणाऱ्यास जपानच्या शाळेशीं काय कर्तव्य? कर्तव्य आहे. गेल्या महिन्यांत शाळेच्या झाडलोटीवरून आपल्यांत जी बोलाचाली झाली ती सर्वांस ठाऊकच आहे, आणि तिचा निकाल अजून लागावयाचा आहे. तो लावण्यापूर्वीं दुसऱ्या एका मुलखांत हीच गोष्ट कशी चालते हें पाहून घ्यावें, एवढ्यासाठींच हा विषय आम्हीं पत्करला.

आम्हीं स्वतः जपान पाहिलेला नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. पण परदेशांतून तेथें शिकवावयास जाणारांची वाट फार जुनी आहे. लाफ्काडिओ हर्न नांवाचा एक लेखक १८९० सालीं मात्सुए या गांवीं इंग्रजी शिकवावयास गेला, आणि तेथील वर्गांत जें पाहिलें तें त्यानें १८९४ त ग्रंथांत छापलें. १९८७ सालापासून तर खुद्द जपानी सरकारच दरवर्षीं परदेशांतील तरुण पदवीधर आपल्या शाळांतून मदतनीस मास्तर म्हणून बोलावून घेत आलें आहे. आणि आपल्या जवळचें उदाहरण पाहिजे असेल तर तेंही आहे. योगेंद्र पुराणिक हे आपल्या महाराष्ट्रांतून तिकडे गेले, २०१२ त जपानचे नागरिक झाले, २०१९ त तोकियो शहरांतील एदोगावा विभागाच्या सभेवर लोकांनीं त्यांस निवडून दिलें, आणि २०२३ च्या एप्रिलांत इबाराकी प्रांतांतील त्सुचिउरा येथील एका जुन्या सरकारी हायस्कुलाचे ते मुख्याध्यापक झाले. मराठी घरांत वाढलेला माणूस जपानी मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक! आपल्याकडे शेजारच्या जिल्ह्यांतून मुख्याध्यापक आला तरी दोन वर्षें त्याला परकाच म्हणतात.

तर असा एखादा परका मास्तर जपानी हायस्कुलाच्या दाराशीं प्रथमच जाऊन उभा राहिला म्हणजे त्याच्या डोळ्यांस काय काय दिसतें, तें ऐका.

पहिली गोष्ट पायांची. दारांतच लहान लहान कप्प्यांची मांडणी असते. मुलें बाहेरचीं पायतणें तींत ठेवितात, आंतल्या स्वच्छ सपाता घालतात व मगच पुढें पाऊल टाकतात. शिक्षकही तसेंच करितात आणि पाहुणाही तसेंच करितो. युरोप-अमेरिकेंतून आलेल्यास याचें नवल वाटतें. आपणांस वाटण्याचें कारण नाहीं. घराच्या उंबऱ्याशीं व देवळाच्या दाराशीं आपण वहाणा काढतोंच. शाळा ही त्याच जातीची जागा आहे, एवढें मात्र आपल्या मनानें अजून घेतलेलें नाहीं.

वर्गांत सुमारें चाळीस मुलें. मुलें आपल्या खोलींत बसून राहतात आणि मास्तर तासातासाला खोली बदलतात. तास सुरू होतांच पाळीचा विद्यार्थी हांक देतो, सारा वर्ग उठतो आणि वांकून नमस्कार करितो. इतकें आपल्याकडेही आहे. पण तेथें मास्तरही वर्गापुढें वांकतो. आपल्याकडे मुलें नमस्कार करितात आणि गुरुजी हात हालवून 'बसा' म्हणतात. शेतकऱ्याच्या पोरापुढें सरकारी पगाराचा माणूस दररोज मान लववितो, ही गोष्ट दिसावयास लहान आहे, पण तिनें पोराच्या मनांत काय होत असेल याचा विचार करावा.

मास्तरांची खोली म्हणजे एक लांबरुंद दालन. सर्व शिक्षकांचीं मेजें एकमेकांस लागून, समोरासमोर. मुलाला कांहीं विचारावयाचें असेल तर तो दारावर टकटक करितो, आपलें नांव व वर्ग सांगतो, कोणत्या शिक्षकांकडे काय काम आहे तें बोलतो, आणि मग आंत येतो. आरंभीं नव्या मास्तरास हा पोलिसी थाट वाटतो. पुढें त्याला कळतें कीं सोळा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसांनीं भरलेल्या खोलींत आपलें काम स्पष्ट सांगतां यावें, याची ही तालीम आहे. आपला पोरगा कचेरींत गेला म्हणजे खांबाआड उभा राहून कारकुनाची नजर वळण्याची वाट पाहतो, हें आपण रोज पाहतों.

आतां नव्या मास्तरास बुचकळ्यांत टाकणारी गोष्ट. तो प्रश्न विचारतो, वर्ग गप्प. पुन्हां विचारतो, चाळीस माना वहीकडे वळतात. तो मनांत म्हणतो, यांना कांहींच येत नाहीं. कागदावर परीक्षा घेतली तर सर्वांस येतें! चुकीचें उत्तर देऊन चारचौघांत हसें करून घेण्यापेक्षां मुकाट बसणें बरें, ही त्या मुलांची धास्ती असते. ही धास्ती आम्हांस ओळखीची आहे. वाडीवस्तीवरची मुलगी तालुक्याच्या शाळेंत येते तेव्हां पहिलें वर्षभर अशीच गप्प असते. आपली बोली ऐकून कोणी हंसेल ही तिची भीति. तिला ढ म्हणून मागच्या बांकावर बसविणारे शिक्षक आमच्याच धंद्यांत आहेत.

शाळा सुटली तरी तेथील पुष्कळ मुलें घरीं जात नाहींत. कोणी बेसबॉल, कोणी जूदो, कोणी बँडबाजा, कोणी चित्रकला, अशा मंडळांतून अंधार पडेपर्यंत रमतात. सकाळीं मुकी असलेलीं तींच मुलें मैदानावर गळा फाडून ओरडतांना पाहून परका मास्तर चकित होतो. हायस्कुलांच्या बेसबॉलचे उन्हाळी सामने १९१५ सालीं सुरू झाले, आणि त्यांचें वेड तेथें आपल्याकडच्या कुस्तीच्या फडासारखें आहे. मात्र या मंडळांत एक वर्षानें मोठा तो थोर आणि एक वर्षानें लहान तो चाकर, असा प्रकार फार. माणसामाणसांत वरखाल लावण्याची हौस कोठून तरी डोकें काढतेच.

आतां आमच्या मुद्यावर येतों.

दुपारच्या जेवणानंतर, कोठें शेवटच्या तासानंतर, शाळेंत झाडलोटीची वेळ होते. पुष्कळ शाळांत त्या वेळीं भोंग्यावर गाणें लागतें. बांकें एका बाजूस सरकतात. एक टोळी झाडते, दुसरी ओल्या फडक्यानें फरशी पुसते, तिसरी फळा व खिडक्या, चौथी जिना, पांचवी हात धुण्याची जागा व संडास. पंधरावीस मिनिटें हें काम चालतें. पाळ्या बदलत जातात. आज ज्याच्या हातीं फळ्याचें फडकें आहे त्याच्या हातीं पुढें संडासाचा कुंचा येतो. डॉक्टरचा मुलगा, मासे धरणाऱ्याचा मुलगा, कारखानदाराची मुलगी, हमालाची मुलगी, सर्व एका रांगेंत वांकलेले. मास्तरही बाह्या सारून त्यांत असतो. परक्या मास्तरास प्रथम कळतच नाहीं कीं आपण उभें राहावें कीं खराटा उचलावा; दोनचार दिवसांत तो उचलतो. दुरुस्तीच्या कामास तेथेंही नोकर असतो, आणि कांहीं शाळांत संडासांचें काम आतां मक्त्यानें देतात. पण आपण मळविलेली जागा आपणच झाडावी, हा रिवाज देशभर आहे.

खालच्या शाळांत तर दुपारचें अन्नही मुलेंच पांढरी टोपी व अंगरखा घालून एकमेकांस वाढतात. वाढणाऱ्याचा बाप कोण, हें ताटावर बसलेला विचारीत नाहीं. आपल्या देशांत शाळेंतलें अन्न अमक्या जातीच्या बाईनें शिजविलें म्हणून पोरांस उठवून नेणारे आईबाप निघाले, हें वृत्तपत्रांत किती वेळां वाचलें असेल!

जपानची ही रीत कांहीं आभाळांतून पडली नाहीं. तेथेंही सामुराई नांवाचा तरवारीवाला वर्ग वर होता. शेतकरी राबत होता, कारागीर घडवीत होता, आणि या सर्वांच्या खालीं मेलेल्या जनावरांचें कातडें काढणारे लोक गांवाबाहेर ठेविलेले होते. ओळखीचें वाटतें कीं नाहीं? १८७१ सालीं सरकारनें त्या लोकांचा हीन दर्जा कायद्यानें काढून टाकला. दुसऱ्याच वर्षीं, १८७२ त, शिक्षणाचा हुकूम निघाला: गांवांत शिक्षणावांचून एक घर नको, आणि घरांत शिक्षणावांचून एक माणूस नको, असा त्याचा आशय. आणि शेतकऱ्यांनीं काय करावें? १८७३ सालीं कित्येक ठिकाणीं उठून त्यांनीं शाळाच मोडल्या नि जाळल्या. हें ऐकून त्यांना अडाणी म्हणूं नका. फी भरावयाची त्यांनीं, आणि रानांतले दोन हातही जावयाचे त्यांचेच. ऊसतोडीच्या हंगामांत कोयता घेऊन जाणारा बाप पोराला बरोबर कां नेतो, हें ज्याला समजतें त्याला तो जपानी शेतकरीही समजेल. १९०० सालीं प्राथमिक शाळेची फी माफ झाली, आणि थोड्याच वर्षांत १०० मुलांपैकीं ९० हून अधिक शाळेंत दिसूं लागलीं. आज तेथें सक्ती नऊच वर्षांची आहे, तरी त्यापुढच्या हायस्कुलांत १०० पैकीं ९८ जातात. आपल्या जोतीरावांनीं १८८२ त हंटर कमिशनापुढें निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें शिक्षण मागितलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं तें १९१७ त केलें. सबंध देशाला तसा कायदा मिळावयास २००९ साल उजाडलें. हिशेब तुम्हीच करा.

कायद्यानें दर्जा गेला तरी त्या गांवाबाहेरच्या लोकांचा छळ जपानांत थांबला नाहीं. त्यांच्या मुलांस कोठें वेगळ्या शाळा, कोठें वर्गांत वेगळी जागा. १९२२ सालीं त्यांनीं क्योतो येथें जमून आपली स्वतःची संघटना उभी केली. आणि पुढची हकीकत आयाबहिणींनीं विशेष ध्यान देऊन ऐकावी. १९६१ सालीं कोची शहराच्या नागाहामा भागांत अशाच वस्तींतल्या, मजुरीवर पोट भरणाऱ्या आया एकत्र बसून राज्यघटना वाचूं लागल्या. घटनेंत सक्तीचें शिक्षण फुकट असें लिहिलें आहे, मग पुस्तकांना पैसे कां, असें त्यांनीं विचारलें, आणि पुस्तकें विकत घ्यावयाचें नाकारलें. त्यांस इतर पालक व शिक्षक मिळाले. १९६३ त कायदा झाला, आणि पुढें देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हातीं सक्तीच्या शिक्षणाचीं पुस्तकें फुकट पडूं लागलीं, कारखानदाराच्या मुलाच्याही. खालच्या वस्तींतल्या बायांनीं भांडून मिळविलेलें पुस्तक वरच्या वस्तींतला पोरगा आज वाचतो.

पण आम्ही जपानचे भाट नाहीं. वाईट तेंही सांगितलें पाहिजे. मुलांस मारणें तेथें १९४७ च्या कायद्यानें बंद आहे. तरी २०१२ सालीं ओसाका शहरांतील एका हायस्कुलाच्या खेळाडू मुलानें शिक्षकाच्या मारामुळें जीव दिला. केंस काळेच पाहिजेत असा कांहीं शाळांचा हट्ट. ओसाकाकडच्या एका मुलीचे केंस जन्मतः तपकिरी होते, असें तिचें म्हणणें. शाळा तिला ते पुन्हां पुन्हां काळे करावयास लावी. तिला २०१७ त कोर्टांत जावें लागलें. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणींत जपानी शिक्षकाच्या कामाचे तास आठवड्यास ५६ भरले, पाहिलेल्या सर्व देशांत सर्वांहून अधिक. आणि २०२४ या एका सालांत तेथील ५२९ शाळकरी मुलांनीं आत्महत्या केली. स्वच्छ फरशीखालीं हेंही आहे. म्हणून तेथलें सगळें उचलून आणा असें आम्ही म्हणत नाहीं. केरसुणी तेवढी आणावी, आणि तीही डोळे उघडे ठेवून.

कारण जपानांतली केरसुणी आणि आपल्या गांवांतली केरसुणी एक नव्हे. गेल्या महिन्यांत शाळेंत दोन पालक येऊन बोलले. एक म्हणाले, "आमच्या पोराच्या हातीं केरसुणी? आम्हीं त्याला शिकावयास पाठविला आहे." दुसरी एक बाई म्हणाली, "गुरुजी, माझ्या लेकीला झाडावयास लावूं नका. आमच्या तीन पिढ्या झाडण्यांत गेल्या." दोघांची मागणी एकच, पण दोन्हींस एकाच तागडींत घालणें हा मोठा अन्याय होईल. पहिल्यास आपली पायरी सुटेल याची भीति आहे. दुसरीस आपली लेक पुन्हां त्याच पायरीवर नेऊन बसवितील याची. आणि तिची भीति पोकळ नाहीं. "तूं झाड, तुझ्या हातचें चांगलें होतें," असें म्हणून ठराविक घरांच्या पोरांस उठवितांना आम्हीं लहानपणीं पाहिलें आहे. जेथें जात आड येत नाहीं तेथें मुलगी पुढें येते: मुलांनीं खेळावयाचें, मुलींनीं वर्ग झाडावयाचा, आणि पाहुणे आले कीं फुलेंही मुलींनींच द्यावयाचीं. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास झाडलोट करावयास लावणें हा गुन्हा आहे. १९५५ च्या कायद्यांत १९७६ सालीं तसें कलमच घातलें आहे. त्या बाईस तें ठाऊक नसेल, पण तिचें म्हणणें कायद्याला धरून होतें.

हें गांव चोखोबांचें. येथील गांवकुसाचें काम चाललें असतां तें कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले, असें परंपरा सांगते; साल १३३८. गांवकूस सर्वांच्या रक्षणाचें, पण त्याखालीं कोण सांपडले तें पहा. अशा गांवांत "सर्वांनीं झाडावें" असें नुसतें म्हणून भागत नाहीं. सर्वांनीं म्हणजे कोणी कोणी, कोणत्या दिवशीं, आणि संडास कोणाकडे, हें कागदावर लिहून भिंतीला लागलें पाहिजे.

हें काम आपल्याकडे कोणी केलेंच नाहीं असेंही नव्हे. कर्मवीर भाऊरावांनीं साताऱ्यास १९२४ त वसतिगृह काढलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहून रांधीत, झाडीत, पाणी भरीत. गाडगेबाबा तर गांवांत शिरतांच प्रथम खराटा हातीं घेत आणि मग कीर्तनास उभे राहत. त्यांच्या नांवाची स्वच्छतेची मोहीम सरकारनें २००० सालाच्या सुमारास काढली. बाबांची तसबीर अनेक शाळांतून आहे. तपासणीच्या आदल्या दिवशीं तिला हार पडतो, आणि त्याच दिवशीं शाळा झाडली जाते!

आतां आपल्या शाळेपुरतें काय ठरलें तें सांगतों, म्हणजे घरोघरीं वेगळें ऐकूं यावयाचें नाहीं. टोळ्या हजेरीच्या क्रमांकानें पाडल्या आहेत, आडनांवानें किंवा आळीनें नव्हे. प्रत्येक टोळींत मुलगे व मुली दोन्ही. पाळी आठवड्यानें बदलेल. वेळ शेवटच्या तासाआधींचीं पंधरा मिनिटें, म्हणजे वाड्यांवर एस.टी.नें जाणाऱ्या मुलांची गाडी चुकणार नाहीं आणि तासही बुडणार नाहीं. शिक्षा म्हणून कोणास झाडावयास लावावयाचें नाहीं. तसें केलें कीं केरसुणी पुन्हां कमीपणाची झाली. संडासांतलें तेजाब-फिनेल मुलांच्या हातीं द्यावयाचें नाहीं, तें शिक्षकांनीं ओतावयाचें. मुलांनीं पाणी व कुंचा. तुंबलेली गटार उपसणें हें पोरांचें काम नव्हे, त्याला यंत्र व मजुरी देऊन माणूस बोलवावयाचा. लांब दांड्याचे खराटे, बादल्या, साबण यांचा खर्च शाळेच्या किरकोळ खात्यांतून होईल, पालकांकडून वर्गणी नाहीं.

त्या बाईस आम्हीं एक विनंति केली आहे आणि ती त्यांनीं मान्य केली आहे. दर शनिवारीं शाळेंत येऊन पाळ्यांचा तक्ता पहावा. एकाच मुलाकडे महिन्यांत दुसऱ्यांदा संडास आला, किंवा कोणाच्या नांवापुढें "आजारी" असें वरचेवर दिसूं लागलें, तर त्यांनीं सर्वांदेखत विचारावें. पहिल्या गृहस्थांसही आम्हीं तेंच आमंत्रण दिलें. त्यांचें उत्तर अजून यावयाचें आहे. ते या सभेंत बसले आहेत, तेव्हां आज येईल अशी आशा आहे.

तक्ता बाहेर दाराशीं लावलेला आहे. पहिला आठवडा शिक्षकांचा. सोमवारीं संडासापुढें मुख्याध्यापकांचें नांव आहे, त्याखालीं आमचें. ज्यांस कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं आतां उठून विचारावें. मागें बसलेल्या बायांनीं आधीं विचारावें, कारण त्यांस घरीं जाऊन भाकरी टाकावयाच्या आहेत.